पाच स्पीकर आणि एक खिडकी

माझ्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल चार चांगले शब्द लिहायला सांगितले, तर मी पहिल्याच शब्दाला अडकेन. तेव्हा चांगलं-वाईट बाजूला ठेवते आणि जसं घडलं तसं सांगते. हा माणूस एकतीस वर्षं माझ्या डोक्यात जातो आहे. कारणं बरीच आहेत, पण सगळ्यात मोठं कारण म्हणजे त्याचे कान.

भाऊजी पाणीपुरवठा खात्यात गळती शोधायच्या कामावर होते. रस्त्याखालचा पाइप कुठे फुटलाय ते वरून दिसत नाही. त्यासाठी एक लांब लोखंडी सळई असते. तिचं एक टोक पाइपाच्या झडपेवर टेकवायचं, दुसरं कानाशी धरायचं आणि ऐकायचं, की पाणी नुसतं वाहतंय की कुठेतरी फुसफुसतंय. भाऊजी दोन झडपांवर कान लावत, चार पावलं चालत, टाच आपटत आणि म्हणत, "इथे खणा." तिथे खणलं की तिथेच गळती निघायची. खात्यात पुढे यंत्रं आली, तरी यंत्रवाले यांनाच विचारून खात्री करून घ्यायचे. सगळे त्यांना कानसेन म्हणत. जन्मात एवढं एकच कौतुक वाट्याला आलं, आणि ते यांनी घरी आणून माझ्या बहिणीच्या डोक्यावर ठेवलं.

म्हणजे कसं, ते सांगते. घर दोन खोल्यांचं. हॉल त्यातल्या त्यात मोठा. त्या हॉलमध्ये भाऊजींनी पाच स्पीकर आणि एक वूफर बसवला. पुढचे दोन माझ्या खांद्याएवढे उंच, टीव्हीच्या वर एक आडवा, मागे स्टँडवर दोन. सोफा भिंतीला नाही, हॉलच्या मधोमध, कारण बरोबर तिथेच म्हणे पाचही आवाज एकमेकांना भेटतात. सोफ्याचे चार पाय कुठे यायला हवेत त्यासाठी फरशीवर चिकटपट्टीच्या फुल्या मारलेल्या. झाडताना सोफा बोटभर सरकला तरी यांना बसल्या बसल्या कळायचं. मग ते उठून, एक शब्द न बोलता, सोफा परत फुलीवर आणायचे. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

दारातून स्वयंपाकघरात जायचं तर सोफा आणि मागच्या स्टँडमधून आडवं होऊन जावं लागे. हातात ट्रे असला की ताईच्या मांडीला स्टँडचा कोपरा लागायचाच. तिथला काळानिळा डाग मी कधी पूर्ण गेलेला पाहिला नाही. मी एकदा म्हणाले, "भाऊजी, स्टँड वीतभर मागे घेतला तर काय आकाश कोसळेल?" तर म्हणाले, "तू चष्मे बघ. आवाजातलं तुला कळत नाही."

मी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासते. तेवीस वर्षं झाली. तेव्हा 'चष्मे बघ' हे त्यांनी माझा अपमान करायला म्हटलं होतं, हे मला बरोबर कळलं.

पण सगळ्यात कहर झाला तो खिडकीचा. त्या घराला धड उजेड देणारी खिडकी एकच, हॉलमधली. स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते. झोपायच्या खोलीच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर शेजारच्या इमारतीच्या भिंतीला लागतो. भाऊजींनी हॉलची ती खिडकी चौदा वर्षांपूर्वी बंद केली. नुसती बंद नाही, आतून करड्या फोमचे जाड तुकडे चिकटवून बुजवून टाकली आणि तिच्यासमोर डावा मोठा स्पीकर उभा केला. का, तर काचेवर आवाज आपटतो आणि फुटतो. तेव्हापासून भर दुपारी त्या घरात ट्यूबलाइट लागते. मी त्या हॉलला भुयार म्हणायचे, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने.

आणि माझी बहीण रफू करते.

ही गोष्ट तुम्ही नीट ऐका, कारण सगळं भांडण यावर आहे. कोटाला सिगारेटचं भोक पडलं, कसर लागली, खिळ्याला अडकून कापड फाटलं, तर लाँड्रीवाला तो कपडा ताईकडे पाठवतो. ती कापडाच्या आतल्या शिवणीतून त्याचेच धागे ओढून काढते आणि सुईने एक वर एक खाली असे विणत भोक भरते. झाल्यावर तुम्ही बोट फिरवून शोधा, सापडणार नाही. पण कधी कधी शिवणीत कापडच उरलेलं नसतं. तेव्हा तिच्या डब्यातल्या रिळांमधून जुळणारा धागा निवडावा लागतो. काळ्यात किती काळे असतात ते रफूवाल्यांना विचारा. ती निवड दिवसाच्या उजेडातच करायची असते. ट्यूबलाइटखाली गडद निळा आणि काळा सख्खे भाऊ वाटतात.

मागच्या वर्षी तेच झालं. एका वकिलाचा काळा कोट आला होता. बाहीवर नखाएवढं भोक. ताईने दोन दिवस खपून ते भरलं. वकील कोर्टाच्या पायऱ्यांवर उन्हात उभा राहिला आणि शेजारच्याने विचारलं, "हा निळा ठिपका कसला?" कोट परत आला. लाँड्रीवाला भला माणूस, सव्वीस वर्षं तिलाच काम देतो. तो म्हणाला, "ताई, तुमच्या हाताला तोड नाही. पण दोन महिन्यांत हा दुसरा कोट. तिसरा परत आला तर मला दुसरीकडे द्यावं लागेल. गिऱ्हाईक मला फाडून खातं."

ताईचं त्या घरात स्वतःचं असं एवढंच होतं, ते काम आणि त्या कामातलं नाव. ते जायला आता एक कोट पुरेसा होता.

तिने भाऊजींना सांगितलं, खिडकी उघडा. भाऊजी म्हणाले, जिन्यात बस, तिथे उजेड आहे. आणि ही बया खरंच महिनाभर जिन्यातल्या खिडकीशी स्टूल टाकून बसली! येणारे-जाणारे तिला ओलांडून जायचे. शेवटी इमारतीच्या सेक्रेटरीने येऊन सांगितलं, की जिन्यात धंदा करता येणार नाही. त्या दिवशी मी भाऊजींना फोनवर जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते शांतपणे म्हणाले, "झालं बोलून?" आणि फोन ठेवला.

मग मी माझ्या भाचीला, म्हणजे त्यांच्याच लेकीला कामाला लावलं. ती नोकरीसाठी दूर असते. तिने एक साउंडबार पाठवला. टीव्हीखाली ठेवायची एक लांबट काळी पट्टी आणि कोपऱ्यात कुठेही बसणारा एक वूफर. दोन्हींमध्ये वायर नाही. पट्टीची एकच वायर टीव्हीला जोडली, की काम संपलं. फुल्या नकोत, स्टँड नकोत, फोम नको. भाची फोनवर म्हणाली, "बाबा, आता एवढी खोकी कोण ठेवतं घरात? आईला खिडकी मिळेल."

भाऊजींनी खोकं उघडलं, पट्टी दोन बोटांनी उचलली आणि म्हणाले, "फूटपट्टी पाठवलीय पोरीने."

"लावून तर बघा," ताई म्हणाली.

"लावतो ना. सगळ्यांसमोर लावतो. माझे डोळे बांधा. एकदा पट्टी वाजवा, एकदा माझे स्पीकर. मला ओळखता आलं नाही, तर हे सगळं भंगारात. आणि आलं, तर पुन्हा खिडकीचं नाव काढायचं नाही."

ताई कबूल झाली. ती कशाला कबूल झाली हे मला आजही कळलेलं नाही. ज्याचं सबंध आयुष्य ऐकण्यात गेलं, त्याच्याशी ऐकण्याची पैज!

रविवारी सकाळी आम्ही जमलो. भाऊजींनी साक्षीदार म्हणून खात्यातल्या त्यांच्या जुन्या साहेबांना बोलावलं होतं. साहेब सभ्य गृहस्थ, आल्यापासून ओशाळलेले. ताईने टीव्हीसमोर चादर टांगली. भाऊजी फुलीवरच्या सोफ्यात बसले, ताईने त्यांचे डोळे टॉवेलने बांधले. रिमोट माझ्याकडे. मी सुरू करणार तेवढ्यात हुकूम आला, "मागचे दोन बंद ठेव. ते चालू असले तर शेंबडं पोरही ओळखेल. आणि आवाज दोन्हींचा सारखा ठेव." इतका माज!

मी दहा वेळा वाजवलं. गाणं, बातम्या, कुणीतरी दार आपटल्याचा आवाज, परत गाणं. "पट्टी." "माझे." "माझे." "पट्टी." एकही चुकलं नाही. सातव्यांदा मी नुसतं रिमोटचं बटण दोनदा वाजवलं आणि काहीच बदललं नाही. टॉवेलखालून आवाज आला, "तेच आहे ते. चाळे करू नकोस."

आणि खरं सांगायचं तर मलासुद्धा कळत होतं. पट्टीतून सगळं एकाच जागेवरून यायचं, गर्दीत सगळे एकदम बोलल्यासारखं. त्यांच्या स्पीकरमधून बाई गायला लागली की ती डावीकडे दोन हातांवर उभी आहे असं वाटायचं. हे मी तेव्हा बोलले नाही. या माणसाला बरोबर म्हणायला माझी जीभ वळत नाही.

भाऊजींनी टॉवेल काढला. हसले नाहीत, पण नाक वर गेलं होतं. "झालं?"

"झालं," ताई म्हणाली. "तुम्ही जिंकलात. आता माझं एक करा." तिने डब्यातून दोन रिळं काढली आणि त्यांच्या दोन हातांत दिली. "यातलं काळं कुठलं आणि निळं कुठलं?"

भाऊजींनी ट्यूबलाइटखाली रिळं धरली, जवळ नेली, लांब नेली. "हे काळं."

बाकी रिळांच्या चिठ्ठ्या कधीच गळून पडलेल्या, पण या एकाच्या पोटात कारखान्याची चिठ्ठी अजून चिकटलेली होती; ताईने ती साहेबांना दाखवली. साहेबांनी मोठ्याने वाचलं, "गडद निळा."

"अंदाजे सांगितलं मी," भाऊजी म्हणाले.

"मीही रोज अंदाजेच करते," ताई म्हणाली. "चौदा वर्षं."

साहेब खाकरले. "कानसेन, आपण लोकांचा रस्ता खणला, की काम झाल्यावर खड्डा आधी बुजवून द्यायचो. घरातला खड्डा एवढे दिवस उघडा ठेवलात?"

साहेबांचा शब्द यांनी नोकरीत कधी खाली पडू दिला नव्हता. भाऊजींनी ताईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहताना नजरेत शुद्ध विष होतं. मग उठले, डाव्या स्पीकरमागे गेले आणि फोमचा पहिला तुकडा टरकन ओढला. त्याच्याबरोबर भिंतीचा रंगही आला.

मी त्या दिवशी तरंगतच घरी गेले. काच उघडी पडल्यावर आता यांत अर्थ नाही म्हणत भाऊजींनी दुसऱ्याच दिवशी पाचही स्पीकर काढले. साहेबांचा जावई टेम्पो घेऊन आला आणि घेऊन गेला. ताईने फोनवर सांगितलं, की भाऊजींनी सगळ्या वायरी स्वतः गुंडाळून, प्रत्येकीला दोरा बांधून दिल्या, आणि टेम्पो गेल्यावर तासभर न्हाणीघरात नळ सोडून बसले. मी म्हणाले, "बसू दे." सोफा भिंतीला गेला. टीव्हीखाली ती काळी पट्टी आली. खिडकीशी ताईने टेबल मांडलं.

पुढच्या रविवारी मी मिठाईचा पुडा घेऊन गेले. विजय साजरा करायला, दुसरं काय. हॉल ओळखू येत नव्हता. ऊन थेट भिंतीपर्यंत आलेलं, फरशीवर फुल्यांचे चिकट डाग तेवढे राहिलेले. टीव्हीवर बातम्या चालू होत्या.

"कशी आहे फूटपट्टी?" मी भाऊजींना मुद्दाम विचारलं.

"बातम्यांना पुरते," ते म्हणाले.

"हळूहळू होईल सवय. आम्हाला नाही का तुमची झाली?"

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मला आणखी जोर चढला. मी म्हणाले, की उजेड काय असतो ते या घराला चौदा वर्षांनी कळलं, की कान मोठे असून भागत नाही, माणसाला बायको दिसावी लागते. एरवी निम्म्यातच मला तोडलं असतं. त्या दिवशी त्यांनी ऐकून घेतलं. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

ताई खिडकीशी बसली होती. मांडीवर काळा कोट, दुसऱ्या कुणा वकिलाचा. चेहरा असा की लग्नातसुद्धा मी एवढा फुललेला पाहिला नव्हता. "ये, ये," ती म्हणाली. "कॉलरखाली भोक होतं. बघ सापडतंय का. भर उन्हात निवडलाय धागा."

मी कोट घेतला आणि खिडकीत धरला. शोधावं लागलं नाही. काळ्या कापडावर नखाएवढा चौकोन, विणकाम इतकं सुबक की कुठे एक धागा वर नाही. आणि निळा. स्वच्छ, गडद निळा.

"छान झालंय," मी म्हणाले.

"खोटं बोलू नकोस तिच्याशी," भाऊजी मागून म्हणाले. त्यांनी टीव्ही बंद केला होता. "निळं आहे ते. मंगळवारची पँटही निळ्यानेच भरलीय. लाँड्रीत जाऊ दिली नाही मी, कपाटावर ठेवलीय."

"मंगळवारपासून माहीत आहे तुम्हाला?" मी म्हणाले. "मग मला का नाही सांगितलंत?"

"तीनदा फोन हातात घेतला. पण तू उचललास की आधी मला झोडपतेस. म्हटलं, रविवारी येईल तेव्हा स्वतःच बघेल. डोळ्यांतलं तुला कळतं."

ताईने माझ्या हातातून कोट घेतला. मग डब्यातली दोन्ही रिळं काढली आणि काचेला टेकवून उन्हात धरली. डोळे बारीक केले, मोठे केले, चष्मा काढला, लावला. "मला ही दोन्ही सारखीच दिसतात," ती म्हणाली.

मी तिला माझ्याकडे वळवलं आणि फोनचा दिवा तिच्या डोळ्यावर तिरका धरला. आमच्या दुकानात कालपरवा लागलेली मुलगीही ओळखेल असं होतं ते. बाहुलीच्या आत तपकिरी सावट. दोन्ही डोळ्यांत. मोतीबिंदू असा पिकत गेला, की आधी निळा रंग जातो. ट्यूबलाइटचा दोष होता तेवढा होता, पण तो पहिला कोट, तो दुसरा कोट, हे सगळं नुसतं ट्यूबलाइटने केलेलं नव्हतं.

मी दर वर्षी तिला दुकानात खुर्चीत बसवते. समोरच्या पांढऱ्या फळ्यावरची काळी अक्षरं ती वाचते, मी भिंगं बदलते. नंबर थोडा सरकला की नवा चष्मा माझ्यातर्फे भेट. दोन वर्षांपूर्वी त्याच खुर्चीत ती म्हणाली होती, "हल्ली सगळे रंग मातकट दिसतात गं." आणि मी हसून म्हणाले होते, "त्या भुयारात राहून दुसरं काय दिसणार? तुझ्या नवऱ्याला विचार." साधा दिवा डोळ्यावर धरायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. पण गुन्हेगार मी आधीच ठरवून ठेवला होता, मग तपास कशाला करते?

"काय आहे?" ताईने विचारलं.

मी सांगितलं. ऑपरेशनने जातो, लोक दुसऱ्या दिवशी घरी येतात, घाबरायचं काही नाही, हे सगळं मी एका दमात सांगितलं. दुकानात रोज सांगते तसंच.

तिने शांतपणे ऐकलं. "दर वर्षी तूच तपासतेस ना गं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी उलटून काहीतरी बोलले असते, तेवढं मला येतं.

"उद्या आमच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे जाऊ," मी म्हणाले. "मी रजा टाकते. सकाळीच येते तुला घ्यायला."

"नको," ताई म्हणाली. "हे येतील माझ्याबरोबर."

"अगं पण डॉक्टर माझ्या—"

"हे येतील."

भाऊजी माझ्याकडे पाहत होते. एकतीस वर्षांचं उट्टं काढायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. एक शब्द पुरला असता. ते बोलले नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांना कधीच माफ करणार नाही.

त्यांनी खुर्ची ओढली आणि ताईच्या शेजारी खिडकीत बसले. ताईने सुईने निळा चौकोन उसवायला घेतला. भाऊजी कॉलर ताणून धरत होते आणि कुठला धागा निळा, ते बोटाने दाखवत होते. "हा. हा नाही, त्याच्या पलीकडचा." मी मिठाईचा पुडा टेबलावर ठेवला. दोघांपैकी कुणी मान वर केली नाही, आणि खिडकीशी तिसऱ्या खुर्चीला जागा नव्हती.